टॉर्कचे तक्ते एकाच एककात : भोसरी वर्कशॉपच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

काम ऐकायला सोपं : मेंटेनन्सच्या कपाटातले सगळे टॉर्कचे (म्हणजे बोल्ट किती पिळून आवळायचा त्याचे) तक्ते न्यूटन-मीटरमध्ये आणायचे, मशीनवर नवे स्टिकर लावायचे आणि काळपट झालेल्या झेरॉक्स प्रती रद्दीत घालायच्या. आज कपाट रिकामं केलं. ४१ तक्ते निघाले. जपानी मशीनचे केजीएफ-मीटरमध्ये, जुन्या जर्मन प्रेसचं पुस्तक किलोपाँड-मीटरमध्ये, इटालियन गिअरबॉक्सचं डेकान्यूटन-मीटरमध्ये, कंट्रोल पॅनेलच्या टर्मिनलचे आकडे केजीएफ-सेंटीमीटरमध्ये, बारीक स्क्रूंचे सेंटीन्यूटन-मीटरमध्ये. सात तक्त्यांवर एककच नाही, नुसता आकडा.

केजीएफ म्हणजे किलोग्रॅम-फोर्स, एक किलो वजनाचं बल. या नोंदींपुरतं : एनएम म्हणजे न्यूटन-मीटर, केजीएम म्हणजे केजीएफ-मीटर, केजी-सेमी म्हणजे केजीएफ-सेंटीमीटर. फ्लोअरवर असंच बोलतात. स्टिकरवर मात्र पूर्ण नाव छापायचं.

४ जून, मंगळवार

गुणक पक्के केले. सगळं एका आकड्यावर उभं आहे : १ केजीएफ = ९.८०६६५ न्यूटन. हा आकडा मोजून काढलेला नाही, १९०१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवून दिलेला आहे. त्यामुळे तो नेमका आहे, पुढे आणखी दशांश स्थळं नाहीत. 'न्यूटन' हे नाव बलाच्या एककाला १९४८ मध्ये मिळालं आणि एसआय पद्धत १९६० ची. त्याआधीच्या पुस्तकांत केजीएम किंवा किलोपाँड दिसणार हे ओघानंच आलं.

एनएममध्ये आणण्यासाठी कशाला कितीने गुणायचं :

केजीएफ-मीटर : ९.८०६६५
किलोपाँड-मीटर : ९.८०६६५ (किलोपाँड हे केजीएफचंच जर्मन नाव)
केजीएफ-सेंटीमीटर : ०.०९८०६६५
ग्रॅमफोर्स-सेंटीमीटर : ०.००००९८०६६५
डेकान्यूटन-मीटर : १०
न्यूटन-सेंटीमीटर आणि सेंटीन्यूटन-मीटर : ०.०१
न्यूटन-मिलिमीटर आणि मिलिन्यूटन-मीटर : ०.००१
किलोन्यूटन-मीटर : १०००
डाइन-सेंटीमीटर : ०.००००००१

उलट जायचं तर १ एनएम = ०.१०१९७२ केजीएम = १०.१९७२ केजी-सेमी.

'दहाने गुणा, झालं' ही फ्लोअरवरची सवय. २.५ केजीएमचे २५ एनएम केले की खरं उत्तर २४.५, म्हणजे आकडा २ टक्के जास्त. चाकाच्या नटाला हे चालून जातं. पण टॉर्क रेंचची स्वतःची सूट ४ टक्के असते आणि हे २ टक्के नेहमी एकाच बाजूला पडतात. त्यातून कुणी तोच आकडा पुन्हा 'दहाने भागून' मागे नेला तर चूक पुसली जाते आणि कुणाच्याच लक्षात येत नाही. तोंडी अंदाजाला दहा ठीक. तक्त्यात ९.८०६६५ च.

न्यूटन-मीटर आणि ज्यूल यांची मिती एकच असली तरी टॉर्क ज्यूलमध्ये लिहायचा नाही. एका तक्त्यावर तसं सापडलं, म्हणून ही ओळ.

५ जून, बुधवार

आज गुणाकार झालाच नाही. दिवसभर एकक वाचण्यातच गेला, आणि खरी गोम तिथेच आहे.

पहिली अडचण गाळलेल्या 'एफ'ची. निम्म्या तक्त्यांवर नुसतं 'किलो-मीटर' किंवा 'किलो-सेमी' आहे. किलो हे वस्तुमान, टॉर्कला बल लागतं, त्यामुळे तिथे केजीएफच धरायचं. याबद्दल शंका नाही.

दुसरी अडचण तिरक्या रेघेची. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्टेपर आणि सर्व्हो मोटरींच्या लेबलवर सर्रास 'किलो/सेमी' छापलेलं असतं. रेघ म्हणजे भागाकार, टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर. वाचायचं 'किलो-सेमी'. आमच्या इंडेक्सिंग फिक्स्चरवर १८.९ 'किलो/सेमी'ची स्टेपर आहे, म्हणजे १८.९ केजी-सेमी, म्हणजे १.८५ एनएम. मोटरच्या बाबतीत केजी-सेमी डोळ्यांपुढे चटकन उभं राहतं हेही खरं : १० सेमी लांब दांड्याच्या टोकाला ही मोटर १.८९ किलोचं वजन जेमतेम थोपवेल. त्यामुळे त्या एका स्टिकरवर दोन्ही आकडे ठेवतो आहोत. हा होल्डिंग टॉर्क आहे, मोटर फिरायला लागली की वेगाबरोबर कमी होत जातो, हेही खाली लिहिलं.

तिसरी आणि सगळ्यात घातक अडचण स्वल्पविरामाची. जर्मन आणि इटालियन पुस्तकांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम असतो आणि हजार वेगळे करायला टिंब. प्रेसच्या पुस्तकात '४,५' किलोपाँड-मीटर आहे. आमच्या जुन्या प्रतीवर कुणीतरी ते ४५ उतरवलं होतं. खरा आकडा ४४.१ एनएम, ४५ केजीएम धरलं तर ४४१ एनएम. एम-१० च्या (१० मिमी व्यासाच्या) बोल्टला ४४१ एनएम लावायला गेलं तर अर्ध्या वाटेतच बोल्ट तुटेल. त्याच पुस्तकात पुढे '१.२००' न्यूटन-सेंटीमीटर आहे. ते १२०० आहे, एक पूर्णांक दोन दशांश नव्हे. म्हणजे १२ एनएम.

चौथी अडचण अक्षरांची. रोमन लिपीत छोटा 'एम' आधी आला की मिली आणि नंतर आला की मीटर, मोठा 'एम' आधी आला की मेगा. न्यूटन-मीटर उलट्या क्रमानं लिहिलं तर मिलिन्यूटन वाचलं जातं. आम्ही देवनागरीत पूर्ण शब्द छापणार आहोत, त्यामुळे ही कटकट मिटली.

उद्या गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी आणि लाईट नाही. रेंच तपासायचा डिजिटल टेस्टर आजच चार्जिंगला लावला.

७ जून, शुक्रवार

एकक नसलेले सात तक्ते. इथे कुणाला विचारून उपयोग नाही, बोल्टलाच विचारावं लागतं.

टॉर्क = घर्षण गुणक × बोल्टचा व्यास × ताण. कोरड्या आट्यांना घर्षण गुणक ०.२ धरतात. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा वर्ग) एम-१० बोल्ट घेतला : ताण घेणारं क्षेत्रफळ ५८ चौरस मिमी, प्रूफ स्ट्रेस (बोल्ट कायमचा न ताणता झेपतो तो) ५८० मेगापास्कल, म्हणजे प्रूफ लोड ३३.६ किलोन्यूटन. त्याचे ७५ टक्के, २५.२ किलोन्यूटन. ०.२ × ०.०१० मीटर × २५,२३० न्यूटन = ५०.५ एनएम. पडताळ्यासाठी तेच गणित केजीएफमध्ये : २५७३ केजीएफ × ०.२ × १ सेमी = ५१४.५ केजी-सेमी, ते ०.०९८०६६५ ने गुणलं की पुन्हा ५०.५. जुळलं.

याच हिशोबानं ८.८ ग्रेडसाठी अदमासे : एम-६ ला १०, एम-८ ला २५, एम-१० ला ५०, एम-१२ ला ८८, एम-१६ ला २१८ एनएम. हे लावायचे आकडे नव्हेत. तक्त्यातला आकडा कोणत्या एककात असावा हे ओळखण्यापुरते आहेत. एककांमधलं अंतर दहापट आणि शंभरपट असल्यामुळे अंदाज २०-३० टक्के चुकला तरी ओळख पटते.

एम-१२ पुढे '८५०' : केजी-सेमी धरलं तर ८३.४ एनएम, बसतं. एम-६ पुढे '१.०' : केजीएम धरलं तर ९.८, बसतं. एम-१० पुढे '५' : केजीएम, ४९ एनएम. एम-८ पुढे '२५०' : केजी-सेमी, २४.५. सहा तक्ते असे सुटले.

सातवा अडला. कूलंट पंपाच्या कव्हरचा एम-८, पुढे '१२'. केजीएम धरलं तर ११८ एनएम, अशक्य. केजी-सेमी धरलं तर १.२ एनएम, तो बोल्ट हातानं सुटेल. एनएम धरलं तर १२, जे ८.८ च्या निम्म्याहून कमी. एक तर बोल्ट ४.६ ग्रेडचा आहे (त्याला याच हिशोबानं १० च्या आसपास येतं), नाहीतर कव्हर ॲल्युमिनियमचं आहे आणि आटे जाऊ नयेत म्हणून आकडा मुद्दाम कमी ठेवला आहे. पंप चालू आहे, उघडता येत नाही. उत्पादकाकडे मूळ पान मागितलं. तोवर या ओळीपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

१० जून, सोमवार

आकड्यांचं पूर्णांकन किती करायचं, यावर सकाळी बरीच चर्चा. ठरलं ते असं.

मूळ आकड्यात जितके अर्थपूर्ण अंक, तितकेच उत्तरात, फार तर एक जास्त. १०.५ केजीएमचं कॅल्क्युलेटरवर १०२.९६९८२५ येतं, तक्त्यात १०३ लिहायचं. दशांशानंतर सहा अंक छापले की वाचणाऱ्याला वाटतं बोल्ट तेवढ्या नेमकेपणानं आवळता येतो.

पल्ला दिला असेल तर पूर्णांकन आतल्या बाजूला. ९ ते १२ केजीएम म्हणजे ८८.२६ ते ११७.६८ एनएम. नेहमीच्या नियमानं ८८ ते ११८ होतं आणि दोन्ही टोकं मूळ मर्यादेबाहेर जातात. तक्त्यात ८९ ते ११७.

पुस्तकात दोन्ही एककं असतील तर कंसाबाहेरचा आकडा मूळ मानायचा, कंसातल्याचं रूपांतर करायचं नाही. '२५ (२.५)' असं छापलेलं असेल तिथे २.५ हे २.५५ चं ओढूनताणून केलेलं पूर्णांकन आहे. त्याचं पुन्हा रूपांतर केलं तर २४.५ येतं आणि अर्धा एनएम कुठे गेला ते कळत नाही. अशा नऊ ओळी सापडल्या, सगळ्या मूळ आकड्यावर नेल्या.

आणि एक नवा रकाना : आटे कोरडे की तेल लावून. तेल लावलं की घर्षण गुणक ०.२ वरून ०.१५ च्या आसपास येतो आणि त्याच टॉर्कला ताण तिसऱ्या हिश्शानं वाढतो. एककाच्या २ टक्क्यांवर डोकं लावायचं आणि ही ३३ टक्क्यांची गोष्ट तक्त्यावर नसावी, हे बरं नव्हे.

१२ जून, बुधवार

रेंचच्या पट्ट्या. ४० ते २०० एनएमचा अर्धा इंची क्लिक रेंच (ठरवलेला टॉर्क आला की 'क्लिक' करतो तो), दोन्ही बाजूंना खुणा : एकीकडे एनएम, दुसरीकडे केजीएम. एनएमच्या बाजूला ४०, ५०, ६० अशा सरळ रेषा. केजीएमच्या बाजूला त्याच उंचीवर ४.१, ५.१, ६.१. खरं तर ते ४.०८, ५.१० आणि ६.१२ आहेत, पट्टीवर जागा नाही म्हणून एकच दशांश स्थळ.

मुठीच्या कडेवर फिरणाऱ्या बारीक रेघा मात्र फक्त एनएमच्या आहेत. पट्टी केजीएमची वाचायची आणि बारीक रेघ एनएमची मोजायची, असा घोळ इथे होतो. ५.१ वर आणून मुठीच्या तीन रेघा पुढे नेल्या की माणूस ५.४ समजतो. तिथे ५३ एनएम असतात, म्हणजे ५.४०. थोड्या रेघांपुरतं हे योगायोगानं जुळतं. वर गेलं तरी तसंच : १५० च्या रेषेवर १५.३ छापलंय, सात रेघा पुढे १५७ एनएम म्हणजे १६.०१ केजीएम, डोक्यातला आकडा १६.०. इथेही चालेल, पण उलट दिशेनं, म्हणजे डोक्यात केजीएम धरून 'पाच-पाच' अशी उडी मारत गेलं की दर उडीला २ टक्के सांडतात. केजीएमच्या पट्टीवर आज काळी टेप चिकटवली. वाद संपला.

४० च्या खाली हा रेंच वापरायचा नाही. पूर्ण क्षमतेच्या २० टक्क्यांखाली स्प्रिंगवर भरवसा नसतो. २४.५ एनएमच्या एम-८ साठी ५ ते २५ चा छोटा रेंच आहे, पण २४.५ हा त्याचा अगदी शेवट. १० ते ५० चा एक मागवावा लागेल. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवायचं, शून्याखाली पिळायचं नाही.

१४ जून, शुक्रवार

टेस्टरवर विश्वास ठेवण्याआधी वजन टांगून एक साधी तपासणी केली. रेंचचं चौकोनी टोक वाइसमध्ये, दांडा आडवा, मुठीच्या मधल्या रेषेवर दोरी. टोकाच्या केंद्रापासून त्या रेषेपर्यंत ४०० मिमी. सेटिंग ५० एनएम. थोडं थोडं वजन वाढवत गेलो, १२.१७ किलोला क्लिक झालं.

१२.१७ × ९.७८ × ०.४ = ४७.६ एनएम. म्हणजे रेंच ५ टक्के लवकर सुटतोय? ४ टक्क्यांची मर्यादा ओलांडली म्हणून स्क्रू फिरवायला कुणाचाही हात शिवशिवेल. फिरवायचा नाही. रेंचचं स्वतःचं वजन १.३ किलो आहे. पट्टीच्या कडेवर तोलून पाहिलं तर गुरुत्वमध्य टोकापासून १९० मिमीवर. १.३ × ९.७८ × ०.१९ = २.४ एनएम. बेरीज बरोबर ५०.० आली. रेंच ठणठणीत आहे.

९.७८ का? पुण्याचा अक्षांश साडेअठरा, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर. इथे गुरुत्व ९.८०६६५ पेक्षा साधारण पाव टक्का कमी. केजीएफच्या व्याख्येतला आकडा प्रमाण आहे, तो गावागणिक बदलत नाही, पण टांगलेलं वजन इथल्याच गुरुत्वानं ओढतं. म्हणून रूपांतराला ९.८०६६५, टांगलेल्या वजनाच्या गणिताला ९.७८. हातातल्या रेंचला पाव टक्क्यानं काही होत नाही. कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळेला होतं.

दांडा आडवाच हवा. १५ अंश कलला तर टॉर्क ३.४ टक्के कमी भरतो. लेव्हल ठेवून बघितलं.

१८ जून, मंगळवार

क्रोफूट (रेंचच्या टोकाला लावायचा उघड्या तोंडाचा जोड) लावून आवळायच्या चार जागा आहेत, पाइपाच्या मागे. क्रोफूट दांड्याच्या रेषेत सरळ लावला की लांबी वाढते, सेटिंग कमी करावं लागतं. ९० एनएम हवे, रेंच ४०० मिमी, क्रोफूट ५० मिमी : ९० × ४०० ÷ ४५० = ८०. काटकोनात लावला तर दुरुस्ती नको. तक्त्यात दोन वेगळे आकडे : 'बोल्टला ९०' आणि 'रेंचवर ८०'. नुसता ८० लिहिला तर उद्या सॉकेट लावणारा ८० वरच थांबेल.

२१ जून, शुक्रवार

जुन्या गिअरबॉक्सच्या पाट्या. युरोपी पुस्तकात केजीएमसाठी ७१६.२ × अश्वशक्ती ÷ आरपीएम हे सूत्र आहे. ही अश्वशक्ती मेट्रिक, ७३५.५ वॅटची. १० अश्वशक्ती, १४४० आरपीएम : ४.९७ केजीएम, ४८.८ एनएम. किलोवॅटवरून ९५४९ × ७.३५५ ÷ १४४० केलं तरी ४८.८ च. पण आपल्याकडच्या मोटरीच्या पाटीवर १० एचपी म्हणजे ७.५ किलोवॅट लिहिलेलं असतं, त्यावरून ४९.७ येतात. पाटीवर किलोवॅट असेल तर तेच घ्या, अश्वशक्तीच्या वाटेला जाऊ नका.

२५ जून, मंगळवार

शीट पूर्ण. रकाने या क्रमानं : मूळ आकडा, मूळ एकक, गुणक, अचूक उत्तर, तक्त्यातला आकडा, आटे कोरडे की तेल, कोणता रेंच, रेंचवरचं सेटिंग. मूळ आकडा कधीही पुसायचा नाही. उद्या कुणी गुणक चुकला म्हणालं तर परत जायला वाट हवी.

एक अडचण अनपेक्षित निघाली. मूळ आकडे देवनागरीत टंकले होते, स्प्रेडशीटनं ते मजकूर समजून घेतले. काही खान्यांत एरर आली, ते बरं झालं. बेरजेच्या खान्यात मात्र गुपचूप शून्य धरलं. आकडे रोमनमध्ये भरून छापताना देवनागरी करतो आहोत.

आठवड्याअखेरीस पालख्या निघतील, रस्ते बंद होतील, त्यामुळे तीनही रेंच आजच कॅलिब्रेशनला पाठवले. सांगितलं ते एवढंच : २०, ६० आणि १०० टक्क्यांवर तपासा, दाखला एनएममध्ये द्या. यापुढे वर्षातून एकदा किंवा ५००० क्लिक, जे आधी होईल तेव्हा.

२८ जून, शुक्रवार

४० स्टिकर लागले. आवळून झालेल्या बोल्टवर पिवळ्या मार्करची रेघ, नटावरून थेट कव्हरपर्यंत. सरकला तर लांबून दिसतो.

कूलंट पंपाचं मूळ पान आलं. १२, न्यूटन-मीटर, कव्हर ॲल्युमिनियमचं, आटे कोरडे. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह पुसलं. ४१ वा स्टिकर सोमवारी, रेंच परत आले की.